बंगळूरचं शेठ

माझं नाव काय घालायचं ते घाला ताई, खरं घालू नका म्हंजी झालं. गावाचं बी घालू नका. विट्याच्या अंगाला, एवढंच ल्हिवा, तिकडं एका छापाची शंभर गावं हायती, हुडकणाऱ्याला बसू द्या हुडकत. तुम्ही पुण्याच्या, तुम्हाला आमचं बोलणं हसू यील, हसा, पर ल्हिवताना नीट करू नका. मी बोलते तसंच ल्हिवा.

आमच्या तिकडं घरटी एक माणूस भाईर आसतोय. भाईर म्हंजे पुण्या-मुंबईला न्हवं, भाईर म्हंजे खाली, मदुराई, कोचीन, सेलम, बंगळूर. गलाईला. गलाई म्हंजे काय, तर सोनारांच्या दुकानातला झाडून काढलेला केर, मोडीचं डागिनं, तुटकी साखळी, ते समदं मुशीत घालायचं, भट्टीत वितळवायचं, तेजाब वतून त्यातला मळ जाळायचा आन चोख सोनं काढून सोनाराच्या हातात द्यायचं. हे काम जो करतोय त्याला गाव शेठ म्हणतंय. मदुराईचं शेठ आलं, कोचीनच्या शेठची म्हस व्याली, सेलमच्या शेठनं देवळाला फरशी दिली. आडनाव कुणी इचारत न्हाई, गावाचं नाव म्होरं लावायचं आन शेठ म्हणायचं, की माणूस पुरा झाला.

माझा बा शेठ न्हवता. आप्पा गावातच राहिले, मेंढरं मागं. आप्पांचा शेठ येगळा व्हता. माझा भाऊ उन्हं अंगावर येईस्तवर पडून राहिला की आप्पा म्हणायचे, उठा शेठ, च्या गार झाला. बैल नांगराला चालता चालता मधीच बसला की त्यो बी शेठ. बांधावर बसून दुसऱ्याला अक्कल शिकवणारा कोण आला की आप्पा हळूच म्हणायचे, आलं बगा शेठ, आता पाऊस पडतोय. मला तर वाटायचं शेठ म्हंजे ज्याला काम न्हाई त्यो. आन आई म्हणायची, देवा, पोरीला शेठ मिळू दे. आता सांगा, एकाच घरात बा ज्याला हसतोय त्यालाच आई नवस करतीया.

तर मिळाला की शेठ. बघायला आले तवा पांढरी पॅन्ट, पांढरा शर्ट, बोटात अंगठी. मी खाली मान घालून पाटावर बसलेली, मला त्यांची नुस्ती बोटं दिसत व्हती. बोटांची टोकं पिवळी. मला वाटलं हळद लागलीया, कुठल्या तरी लग्नात हळद खेळून आले आसत्याल. मनात म्हणलं, हौशी माणूस दिसतोय. हळद कुठली ओ. तेजाबाचे डाग. तेजाब कातड्याला लागला की आदी पिवळं हुतंय, मंग तपकिरी हुतंय, मंग त्ये कातडं निघून जातंय आन खालचं नवं येतंय, ते परत पिवळं. हे मला लग्न झाल्यावर कळलं, तवा हसले, आन मंग रडले बी.

बंगळूरला आणलं मला. गावातनं निघताना समद्या बायका म्हणल्या, शेठाणी झालीस बाई, आता आमास्नी वळख देशील का न्हाई. शेठाणी उतरली ती पेठंतल्या एका बोळात. बोळ असा की समोरनं हातगाडी आली की आपण कुणाच्या तरी उंबऱ्यावर चढायचं. खाली दुकान, दुकान म्हंजे दोन माणसं उभी राहिली की भरलं, आन वर माळा. माळ्यावर आमचा संसार. भट्टी खाली पेटली की वरची फरशी पायाला चटकं द्यायची, आन तेजाबाचा तांबडा धूर जिन्यानं वर यायचा. मी खिडकी उघडायची तर समोर भिंत. बावीस वरसं त्या भिंतीकडं बघितलं मी ताई. त्या भिंतीवर कुठं पोपडा निघालाय आन कुठं पिंपळाचं रोप आलंय, अजून डोळं मिटून सांगते.

घरमालकीण कानडी, आम्ही अक्का म्हणायचो. अक्काचे मालक शाळंत मास्तर व्हते, त्यास्नी समदी मेष्ट्रु म्हणायची. अक्का मला सेटम्मा म्हणायची. मला आधी बरं वाटलं, म्हणलं हितं बी मान हाय. मंग कळलं, त्या बोळात जो कोण वरच्या मुलखातनं आला त्यो सेटु. गहाण ठेवून घेणारा सेटु, कापडवाला सेटु, आन धुरात खोकणारा आमचा माणूस त्यो बी सेटु. भाजीवाली म्हणायची, सेटु मंदी, म्हंजी शेठ लोकं, ह्यांना काय कमी, आन मला वांगी दुप्पट भावानं. पोलिसाला चौकशीला माणूस पायजे आसला की त्यो बी लई गोड बोलायचा, सेटु, स्वल्प बन्नी. जरा या म्हणायचा आन सकाळचे गेलेले हे दिवस मावळताना परत यायचे. काय केलं, काय न्हाई, नुस्तं बाकड्यावर बसवून ठेवायचे. त्या दिवशी मला सेटु शब्दाची भीती वाटायची.

मेष्ट्रुंना मी एकदा इचारलं, मेष्ट्रु, ह्यो शब्द आला कुठनं. मला तवा कानडी थोडं थोडं यायला लागलं व्हतं. मेष्ट्रु खुश झाले, शिकवायला कुणी भेटलं की त्यास्नी जेवाण नको. म्हणले, संस्कृतात श्रेष्ठी, त्याचं तुमच्याकडं झालं शेठ, आमच्याकडं झालं शेट्टी, एकाच आईची दोन लेकरं. आन श्रेष्ठी म्हंजे, समद्यात चांगला, समद्यात वरचा. मी वर जाऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी तवा हाताला खोबरेल लावलं व्हतं, चटका बसला व्हता. हात म्होरं करून म्हणले, हे बग, समद्यात वरचा. दोघं बी लई हसलो त्या दिवशी.

पर ह्यांच्या चुलत्याचं म्हणणं येगळंच. त्ये म्हणायचे, संस्कृत का फिंस्कृत, आपल्या गावचा पयला माणूस खाली गेला तवा त्याला तिकडं कोण ओळखत न्हवतं, ए भट्टी, ए धुरी, अशी हाक मारायचे. वरसांनी त्यो गावाला आला, अंगठी घालून आला, तवा पारावरच्या एकानं गंमत म्हणून म्हणलं, काय शेठ, कवा आलासा. त्यो नुस्ता हसला. न्हाई म्हणाया पायजे व्हतं, न्हाई म्हणला न्हाई, तिथनं हे सुरू झालं. खरं खोटं भैरोबाला ठाऊक. मला इचाराल तर मला चुलत्यांचंच पटतंय.

मी बी ह्यांना शेठच म्हणते. नाव घ्यायची चाल न्हाई आमच्यात. लेक लहान व्हती, तिला म्हणायची, जा, शेठना जेवाया बोलव. लेक आता सेलमला दिलीया, तिचा नवरा बी गलाईचाच, ती बी तिकडं शेठाणी.

गावात घर बांधलं. ते आमच्यातल्या समद्यांचं खूळ हाय, पोटाला चिमटा काढतील पर गावात बंगला. दोन मजली, म्होरं खांब, फाटकावर ह्यांचं नाव, नावाम्होरं शेठ. पायऱ्यांना गुळगुळीत फरशी, माझे पाय घसरत्यात त्यावर. त्या घरात आम्ही वरसातनं आठ दिवस राहतो, चैत्रात, भैरोबाच्या जत्रंला. बाकी कुलूप. आठ दिवसातले दोन दिवस तर जळमटं काढण्यातच जात्यात. जत्रंला भाईरची समदी शेठ येत्यात, देवळाम्होरं मांडव आसतोय, कर्ण्यावरनं एकेकाचं नाव पुकारत्यात, बंगळूरचं शेठ, म्होरं या, आन फेटा बांधून नारळ देत्यात. ह्यांचं नाव पुकारलं की ह्यांची मान अशी हुती ताई, मी बघितलीया. बावीस वरसं खाली मान घालून भट्टी फुकणाऱ्या माणसाची मान त्या दिवशी वर हुती.

मंग मशिनं आली. कस बघायला मशीन, सोनं गाळायला मोठाले कारखाने, सोनारांनी काम तिकडं न्यायला सुरुवात केली. ह्यांच्याकडं यायचं ते कमी कमी झालं, भट्टी एक दिसाआड पेटायला लागली, मंग आठवड्यातनं एकदा. अक्का वारली, मेष्ट्रु लेकाकडं गेले, लेकानं ती जागा पाडून म्होरं मोठी इमारत काढायची ठरवली. आम्हाला काय वाईट बोलला न्हाई, सरी, म्हंजी बरं, म्हणला, सवड घ्या म्हणला. पर दुकान बंद झालं. शेवटच्या दिवशी ह्यांनी भट्टीची राख गोणपाटात भरली आन ती घेऊन उभे, कुठं टाकायची ते कळंना.

मी म्हणलं, चला गावाला. घर हाय, थोरल्या दिरांचं रान हाय, दोन भाकरी कुठं बी मिळतील. तवा पयल्यांदा माझ्यावर वरडले. म्हणले, गावाला काय तोंड दाखवू. जत्रंबिगर आलेला शेठ बघितलायस कवा तू? मी आठवून बघितलं. खरंच न्हवता बघितला. आमच्यातला माणूस मधीच गावाला आला तर एक मयतीला येतोय, न्हाईतर त्याचं बुडालेलं आसतंय. आन म्हणले, ज्या दिवशी गावाला कळंल त्या दिवशी मी त्या गावचा न्हाई. हे वाक्य त्यांचं मी आजवर किती येळा ऐकलंय, मोजलं न्हाई.

मंग बंगळूरातच हिकडं व्हाइटफील्डला आलो. ह्यांना ह्या तुमच्या बिल्डिंगच्या गेटवर सिक्युरिटीचं काम लागलं, मला सैपाकाची घरं मिळाली, त्यातलंच तुमचं एक. गावाकडनं फोन आला की हे गेटवर बोलत न्हाईत, पंपाच्या खोलीत शिरत्यात, दार लावून घेत्यात, गाड्यांचे हॉर्न ऐकू जाऊ नयेत म्हणून. आन म्हणत्यात, बोला दादा, दुकानात हाय, गिऱ्हाईक हाय जरा. आत मोटार घुंई घुंई करती. दादा म्हंजे थोरले दीर. त्यास्नी वाटत आसंल भट्टीचा भाता हाय.

तुमच्या बिल्डिंगमधी ती तिसऱ्या मजल्यावरची पोरं हायत न्हवं, पुण्याची, त्यांनी एकदा गेटमधनं जाताना गाडीची काच खाली केली आन म्हणले, काय शेठ, जेवलात का. हे घरला आले ते पांढरेफटक. पाणी मागितलं न्हाई, चप्पल काढली न्हाई. म्हणले, कळलं गं, त्या पोरास्नी कळलंय, आपल्या भागातली आसणार, आता हे गावात जाणार. मी दुसऱ्या दिवशी तुम्हालाच इचारलं व्हतं, आठवतंय? तुम्ही किती हसलात. म्हणलात, अहो मावशी, आता समदीच समद्यांना शेठ म्हणत्यात, मित्राला शेठ, रिक्षावाल्याला शेठ, पिझ्झा घेऊन येतो त्याला शेठ, मानलं शेठ, पार्टी कवा शेठ, त्याला काय अर्थ नसतो. मी घरला जाऊन ह्यांना सांगितलं, अर्थ नसतो म्हणं त्याला. त्यास्नी बरं वाटाया पायजे व्हतं, सुटलो म्हणून. तसं न्हाई वाटलं. मला म्हणले, अर्थच नसतो?

खोकला तर जुनाच. पर दोन वरसं झाली, जिना चढला की बसाया लागतंय, बोलता बोलता मधीच थांबायला लागतंय. सरकारी दवाखान्यात नेलं, डॉक्टरीण बाईनं फोटो काढला छातीचा, मला बाजूला घेऊन म्हणल्या, अम्मा, किती वरसं धूर खाल्लाय ह्यांनी. आन आता गेटवर समद्या गाड्यांचा धूर, परत तोच. गाव हाय का तुम्हाला? मोकळी हवा हाय का? मी म्हणलं, हाय की, समदं हाय. मंग न्या, म्हणल्या, आन उशीर करू नका. एवढी सोपी गोष्ट बगा. गाव हाय, घर हाय, हवा हाय, आन जाता येत न्हाई.

गेल्या दिवाळीला मी हट्ट केला. म्हणलं, दिवाळीचं जाऊ, दिवाळीला कुणी बी येतंय, मंग रमतगमत राहू. गेलो. चार दिवस छान. सकाळी हे अंगणात खुर्ची टाकून बसायचे, खोकला निम्मा झाला, खरं सांगते, मी कान लावून ऐकायची. पाचव्या दिवशी दूधवाला, शेठ, कवा जाणार? मंग भटजी, शेठ, मुक्काम किती? मंग पारावरची म्हातारी. वाईट कुणाच्या मनात न्हाई ओ, आमच्या तिकडं शेठला दुसरं काय इचारायचं आसतंय, कवा आलासा आन कवा जाणार, तेवढीच दोन वाक्यं. पर नवव्या दिवशी ह्यांनी घराभाईर पडायचं सोडलं. दिवसा आत, खिडक्या लावून. अकराव्या दिवशी बॅग भरली. अंगणातली खुर्ची तशीच राहिली, दिरांना सांगून आत ठेवायला लावली.

आता मी तुम्हाला जत्रंचं सांगते, म्हंजे ह्या चैत्रातलं. निघायच्या दिवशी मी इकडं डबा बांधतीया आन हे मोरीत. म्हणलं एवढा येळ काय करत्यात, बघितलं तर वाटीत हळद. हळद कालवून दोन्ही हाताच्या बोटांना लावतायत, टोकाला, नखाच्या बाजूनं, नीट, आन वाळवतायत. मी दारात उभी. मला कवाचं दिसायला पायजे व्हतं, दरवरसाला वाटायचं जत्रंच्या तोंडावर हळद लवकर कशी सरती. बोटं पांढरी झाली व्हती की ओ त्यांची! भट्टी सुटली, तेजाब सुटला, बोटं गोरीपान. आन गावात समदी गलाईची माणसं, ती आधी बोटं बघणार. मला आमचं बघणं आठवलं, मी पाटावर, आन मला वाटलेली हळद. मी चुलीकडं तोंड करून उभी राहिले. चूल कुठली, शेगडी. डोळ्याला पाणी आलं की मी अजून चूल म्हणते.

जत्रंच्या सकाळी थोरल्या जाऊबाई आन मी निवदाच्या पोळ्या करत व्हतो. मी पुरण वाटत व्हते. मला राहवलं न्हाई. म्हणलं काय हुईल ते हू दे, ह्या माणसाचा जीव चाललाय. मी म्हणलं, बाई, एक सांगायचंय, दुकान न्हाई आमचं. पाच वरसं झाली. शेठ गेटवर उभे राहत्यात. सांगितलं आन मान खाली घातली, वाटलं आता पोळी करपती का काय. बाईंनी पोळी उलटली. म्हणल्या, ठावं हाय.

मी म्हणलं, ठावं हाय म्हंजे? तर म्हणल्या, तीन वरसं झाली की. खालच्या आळीचा आपला तान्या बंगळूरात टॅक्सी चालवतोय, त्यो एकदा कुणाला तरी सोडायला तुमच्या गेटवर आला. तुझ्या नवऱ्यानं वर न बघता त्याच्या गाडीचा नंबर वहीत ल्हिवून घेतला आन गेटचं दांडकं वर केलं. तान्या भाद्दर, बोलला न्हाई, गप आत गेला आन दुसऱ्या गेटनं भाईर पडला. मी म्हणलं, म्हंजे गावात? बाई म्हणल्या, समद्या गावात. आन तान्या नसता तरी कळलंच आसतं गं. हातात प्रसाद देताना हळदीचा वास येतोय की त्यांच्या बोटांना. माझा बा गलाईला, माझे दोन भाऊ गलाईला, मला तेजाब कळत न्हाई व्हय? पयल्यांदा त्यो वास आला त्या दिवशी तुझे दीर घरी येऊन रडले. म्हणले, ज्यानं बोटाला हळद लावलीया त्याला काय इचारायचं.

मी म्हणलं, मंग फेटा? तीन वरसं त्यास्नी फेटा बांधताय तुम्ही, कर्ण्यावरनं नाव पुकारताय. बाई माझ्यावरच डाफरल्या. म्हणल्या, फेटा काय दुकानाला बांधत्यात व्हय? माणसाला बांधत्यात. आन शेठ न्हाई म्हणायचं तर दुसरं काय म्हणायचं त्यास्नी, नावानं हाक मारायची? या की राहायला, कोण नको म्हणतंय.

सांगा ताई, मी काय करायला पायजे व्हतं? पळत जाऊन ह्यांना सांगायचं, की शेठ, सुटलो, समद्यांना कळलंय आन कुणाला काय वाटत न्हाई. उठले बी मी. पुरणाचे हात तसेच. उंबऱ्यापातूर गेले, हे अंगणात बसलेले, पांढरा शर्ट, दोन माणसं म्होरं, आन हे सांगत व्हते, बंगळूरात धंदा कसा बदललाय, मशिनं कशी आलीत, आमचं जुनं गिऱ्हाईक सोडत न्हाई म्हणून चाललंय. आन ती दोघं मान हलवत व्हती, व्हय शेठ, खरं हाय शेठ. त्यांना ठावं! ती दोघं बी ह्यांच्या बोटांकडं बघत न्हवती, मुद्दाम दुसरीकडं बघत व्हती. माझा पाय म्होरं पडंना. ज्या दिवशी गावाला कळंल त्या दिवशी मी गावचा न्हाई, ह्यो माणूस बोललेला. आता सांगितलं तर तीन वरसांचे तीन फेटे ह्याच्या डोक्यावर जळतील. ह्यो परत ह्या गावात पाय ठेवणार न्हाई, मयतीला बी. मी परत आत गेले, पुरण वाटायला बसले. बाईंनी माझ्याकडं बघितलं आन म्होरली पोळी लाटायला घेतली.

मला राग आला ताई, लई राग आला. ह्यांचा आला, गावाचा बी आला. वंगाळ वागले असते तर भांडले असते मी, मला भांडाया येतंय. एवढं चांगलं वागल्यावर कुणाशी भांडायचं?

दुपारी मांडवात पुकारलं, बंगळूरचं शेठ, म्होरं या. हे गेले. पायऱ्या तीनच, पर तिथं एकदा थांबले, दम घेतला, समदा मांडव थांबला त्यांच्यासंगं. दिरांनी स्वतः फेटा बांधला. टाळ्या किती वाजल्या म्हणून सांगू, मदुराईच्या शेठला न्हवत्या तेवढ्या. हे खुश. परत येऊन बसताना मला लांबनं खूण केली, बघितलंस का.

मी मनात एक ठरवलं. म्हणलं, ह्यांना सांगायचं न्हाई, पर ह्या खेपंला कुणी इचारलं, शेठाणी कवा जाणार, तर मी चारचौघात म्हणणार, आता न्हाई जायाचं, शेठनी आता आराम करायचा ठरवलाय, दुकान दिलं जावयाच्या ताब्यात. थोडं खोटं, पर आब राहील, आन गाव तर समजून घेईलच. जत्रंतनं येताना तेच वाक्य म्हणत आले, आता न्हाई जायाचं, आता न्हाई जायाचं. पाराजवळ ती म्हातारी बसलेली, ऐंशीच्या फुडची, तिनं हात धरला माझा. हे बाजूलाच उभे, फेट्यात. म्हातारी म्हणली, शेठाणी, कवा जाणार गं?

आन मी म्हणलं, सोमवारची गाडी हाय मावशी. दुकान उघडाया पायजे.

मीच म्हणलं ओ! माझ्याच तोंडातनं. ह्यांनी न्हाई. पंचवीस-तीस वरसं जी वाट पडलीया त्याच वाटंनं जीभ गेली. म्हातारीनं माझ्या तोंडाकडं बघितलं, तिला बी ठावं आसणार, म्हणली, व्हय बाई, धंदा हाय, जायाच पायजे. आन हे माझ्याकडं असं बघत व्हते, जशी मी त्यांची लाज राखली. आमच्या लग्नाला एवढी वरसं झाली, एवढ्या मायेनं त्यांनी माझ्याकडं बघितलेलं मला आठवत न्हाई.

सोमवारच्या गाडीनं आलो. गाडीतल्या बेसिनला उभं राहून हे बोटं धूत व्हते. हळद लवकर जाती.

आता आधी मी गावापासनं ह्यांचं झाकत व्हते, आता ह्यांच्यापासनं गावाचं झाकते. दोन्हीकडनं मीच मधी. खोकला वाढलाय. दिरांचा फोन येतो, म्हणत्यात पोरी, आण त्याला, मी म्हणते बघते दादा. म्होरल्या म्हैन्यात पुतणीचं लग्न हाय, जायाला लागतंय. परवा हे म्हणले, हळद संपत आली वाटतं, आणून ठेव जरा. मी म्हणलं, आणते. पयल्यांदाच तोंडानं मागितली बगा, आन मी कशाला म्हणून इचारलं न्हाई, तर त्यास्नी वाटलं आसंल, हिला काय कळतंय. आज सकाळी डबा घेऊन गेले गेटवर. ते वहीत नंबर ल्हिवत व्हते. म्हणलं, शेठ, गरम हाय तवर खावा. आणिक काय म्हणू.

तर असं हाय. ल्हिवलंत? ल्हिवा, छापा, माझी ना न्हाई. गावानं वाचू दे, तान्यानं वाचू दे, समद्या मुलखानं वाचलं तरी चालंल, त्यास्नी ठावंच हाय. फकस्त एक करा, तुमच्या पाया पडते. ते पुस्तक का पेपर काय आसंल ते घरात कपाटात ठेवा, रद्दीत घालू नका, रद्दी गेटवर जाती. मराठी कागद दिसला की ह्यांच्यानं राहवत न्हाई, पुड्याचा कागद सुदिक सरळ करून वाचत्यात. देव तुमचं भलं करू दे. सरका, तवा तापलाय.